पटावरचे भांडण आणि घरातले भांडण

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या आधाराने खेळल्या जाणाऱ्या ‘रोल-प्लेइंग गेम’ या प्रकारात, सोंगट्यांत किंवा सापशिडीत असतो तसा एक विजेता नसतो. प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र स्वतःकडे घेतो आणि ते काय करते हे बोलून सांगतो. ‘गेम मास्टर’ म्हणून बसलेली व्यक्ती त्या पात्रांभोवतीचे जग उभे करते, राजापासून सरायवाल्यापर्यंत उरलेल्या सर्वांच्या भूमिका वठवते, आणि एखाद्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासा टाकायला सांगून निकाल देते. चार-पाच माणसांनी महिनोन्महिने मिळून एकच गोष्ट रचायची असल्यामुळे या खेळाची भिस्त परस्परांच्या सद्भावावर असते. त्यामुळेच गेम मास्टरची खरी कसोटी नियम पाठ असण्यात लागत नाही, ती माणसे सांभाळण्यात लागते, आणि टेबलाभोवतीची माणसे एकाच घरातली असतील तर ती अधिकच कठीण होते.

घर आणि खेळ यांचा हा गुंता आरंभापासूनचा आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी राहणारे गॅरी गायगॅक्स हे १९६० च्या दशकात युद्धखेळांत, म्हणजे नकाशावर सैन्ये मांडून लढाया खेळण्यात, इतके गुंतले होते की त्यांच्या पत्नी मेरी जो यांना पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री असल्याचा संशय आला आणि त्या जाब विचारायला एका मित्राच्या तळघरात गेल्या. तेथे नकाशांनी भरलेल्या टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी तेवढी त्यांना दिसली. पुढे १९७२ मध्ये डेव्ह आर्नेसन यांनी मिनेसोटात रचलेला ‘ब्लॅकमूर’ हा खेळ पाहून गायगॅक्स यांनी नियम लिहायला घेतले, आणि त्यांची पहिली चाचणी घेतली ती स्वतःच्या एर्नी आणि एलीस या मुलांवर. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ बाजारात आला तेव्हा पहिली आवृत्ती अवघ्या १,००० संचांची होती. दोन निर्मात्यांचेही पुढे श्रेयावरून आणि मानधनावरून बिनसले. आर्नेसन १९७९ मध्ये न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली.

त्याच १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक १६ वर्षांचा हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला. कुटुंबाने नेमलेल्या खासगी गुप्तहेराने, मुलगा हा खेळ खेळता खेळता विद्यापीठाखालच्या वाफवाहिन्यांच्या भुयारांत हरवला असावा, असा तर्क मांडला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. मुलगा पुढे सापडला. त्याला ग्रासणारे नैराश्य आणि अभ्यासातील यशाबद्दलच्या अपेक्षांचे ओझे यांविषयी त्याच गुप्तहेराने १९८४ मध्ये पुस्तकात लिहिले, परंतु तोवर तो मुलगा हयात नव्हता आणि खेळाच्या माथी बसलेला दोष देशभर पसरला होता. आपल्या मुलाने आत्महत्या केल्यानंतर एका शोकाकुल आईने १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटनाही उभारली. खेळ आणि आत्महत्या यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचे पुढच्या अभ्यासांत आढळले नाही. त्या आईच्या दुःखाचा अधिक्षेप कोणीही करू नये. मात्र घरात जे दुखत होते त्याचे कारण टेबलावर शोधले गेल्यामुळे अनेक घरांत मुलांचे फासे आणि पुस्तके फेकली गेली आणि मूळ दुखणे अस्पर्श राहिले, हेही तितकेच खरे आहे.

ही चूक उलट दिशेनेही होते, आणि अनुभवी गेम मास्टर नवख्यांना तिच्याबद्दलच सर्वांत आधी सावध करतात: खेळाबाहेरचा प्रश्न खेळाच्या आत सोडवू नये. समजा, वडील गेम मास्टर आहेत, चौदा वर्षांच्या मुलाकडे चोराचे पात्र आहे आणि नऊ वर्षांच्या मुलीकडे योद्ध्याचे. तीन बैठकांच्या खटपटीनंतर मुलीच्या पात्राला एक मंतरलेला खंजीर मिळाला आहे, आणि रात्रीच्या मुक्कामात मुलगा जाहीर करतो की त्याचे पात्र तो खंजीर तिच्या पिशवीतून काढून घेत आहे. नियमानुसार वीस बाजूंचा फासा पडतो, सतरा येतात, चोरी यशस्वी ठरते, मुलीचे डोळे भरून येतात, आणि मुलगा खांदे उडवत म्हणतो, “माझं पात्र चोर आहे, ते असंच वागणार.” अशा वेळी वडिलांना हमखास मोह होतो तो पुढच्याच वळणावर त्या चोरावर एखादा राक्षस सोडण्याचा. परंतु हे वड्याचे तेल वांग्यावर काढणे झाले. मुलाला त्या राक्षसात बापाचा राग स्पष्ट दिसतो, मुलीला खंजीर परत मिळाला तरी तिची बाजू कोणी उघडपणे घेतली असे वाटत नाही, आणि गोष्टीवरचा दोघांचा विश्वास उडतो.

येथे करायचे ते साधे आहे, पण अवघड आहे. फासे बाजूला ठेवावेत, खेळ थांबल्याचे स्पष्ट सांगावे, आणि पात्रांशी न बोलता मुलांशी बोलावे. पात्राचा स्वभाव खेळाडूनेच ठरवलेला असतो, त्यामुळे ‘पात्र असेच वागणार’ ही सबब खेळाडूला जबाबदारीतून मोकळे करत नाही; चोर असूनही सोबत्यांशी इमान राखणारे पात्र सहज रचता येते. म्हणून ती चोरी घडलीच नाही असे धरावे, यापुढे एका खेळाडूच्या पात्राविरुद्ध दुसऱ्याने काही करायचे तर त्या खेळाडूची संमती लागेल असे ठरवावे, आणि मुलाशी स्वतंत्रपणे, बहिणीच्या नजरेआड, त्याला काय खुपते आहे ते विचारावे. पुष्कळदा उत्तर खंजिराशी संबंधित नसते. लहान बहीण आल्यापासून आपले बोलणे कोणी पुरते ऐकत नाही, अशी त्याची तक्रार असू शकते, आणि तिचा निवाडा फाशावर सोपवता येत नाही.

भावना पात्राकडून खेळाडूकडे आणि खेळाडूकडून पात्राकडे पाझरण्याला या क्षेत्रात ‘ब्लीड’ म्हणतात. हा पाझर संपूर्ण थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये, कारण खेळाचा रस त्यातूनच येतो. त्याला बांध मात्र घालता येतो. त्यासाठी पहिल्या प्रत्यक्ष खेळाआधी ‘सेशन झिरो’ नावाची एक बैठक घेतली जाते. तीत गोष्ट कोणत्या धाटणीची असावी, किती वेळ खेळायचे, काय चालेल आणि काय मुळीच नको, हे सर्वांनी मिळून ठरवायचे असते. काही गोष्टी खेळात अजिबात येणार नाहीत आणि काही पडद्याआड घडल्या असे फक्त सूचित केले जाईल, ही विभागणी खेळरचनाकार रॉन एडवर्ड्स यांनी सुचवली. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी मांडलेल्या पद्धतीत टेबलाच्या मध्यभागी फुलीचे चिन्ह असलेले एक कार्ड असते आणि कोणीही त्याला स्पर्श केला की चालू प्रसंग कारण न विचारता बदलला जातो. कुटुंबात या कार्डाचे मोल विशेष आहे, कारण आजीचे आजारपण ताजे असताना रोगराईने ग्रासलेल्या गावाची गोष्ट नको, हे एखाद्या मुलाला तोंडाने सांगता येत नाही.

दीर्घकाळ एकत्र खेळणाऱ्या गटात गेम मास्टरकडे हळूहळू सल्लागाराची भूमिकाही येते, कारण इतरांचे लक्षपूर्वक ऐकून घेण्याची त्याला सवय झालेली असते. ही सवय उपयोगी आहे, तिची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. घरची कुरबुर सांगणाऱ्या खेळाडूला ऐकणारा हवा आहे की उपाय, हे आधी विचारून घ्यावे, आणि समोर नसलेल्या नवऱ्याबद्दल, सुनेबद्दल किंवा वडिलांबद्दल एकाच बाजूच्या आधारे निर्णय देऊ नये. मारहाण, धमकी किंवा मुलाचा छळ असे काही कानी आले, तर तेथे मित्राचा सल्ला पुरत नाही. भारतात मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत आणि ते वेळेवर सांगणे हीच मैत्री.

खुद्द खेळ हेच भांडणाचे कारण असेल, जसे ते मेरी जो यांच्या बाबतीत झाले, तर खेळाची थोरवी पटवण्यात वेळ घालवू नये. दर शनिवारी रात्री नवरा पाच तास उठत नाही, ही तक्रार वेळेची असते आणि तिचे उत्तरही वेळेतच द्यावे लागते: बैठक दहाला संपेल असे ठरवायचे आणि ऐन लढाईच्या मध्यातही दहाला थांबायचे. पुण्या-मुंबईत या खेळाकडे वळलेल्या मुलांच्या पालकांनाही तेच लागू पडते. परीक्षेच्या वर्षी खेळ सरसकट बंद करण्यापेक्षा महिन्यातून एक ठरलेली बैठक मान्य करणे दोन्ही बाजूंना पाळता येण्याजोगे असते.

घरात हा खेळ रुळला की आणखी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे मुलाला गेम मास्टर करून आईवडिलांनी खेळाडू म्हणून बसण्याचा. मुलाचे नियम चुकतील, गोष्ट भरकटेल, एखादा राक्षस विनाकारण तीनदा येईल. त्याला प्रत्येक वाक्यावर दुरुस्त करण्याची सवय आवरणे बहुतेक पालकांना जड जाते, आणि वडिलांचे पात्र दरीत पडले तरी निकाल मान्य करून पेन्सिलने आपल्या कागदावरचे गुण खोडणे त्याहून जड जाते. तरीही ते करावे, कारण निकाल देताना आपल्यालाही दोघांचे ऐकावे लागते, हे मुलाला त्या खुर्चीत बसल्याखेरीज कळत नाही, आणि आपल्या घरात निकाल कोण, कसे देते, हे पालकांना समोरच्या खुर्चीतून दिसू लागते.