बेताल नाडी आणि उपनगरातले जिने

सामानाची पिशवी घेऊन एक जिना न थांबता चढायला कितपत त्रास होतो? हृदयाचे ठोके बेताल करणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांसाठी ॲफेक्ट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. त्यात या अर्थाचा एक प्रश्न येतो. घाटकोपर-मुलुंडच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत त्याचं उत्तर रोज संध्याकाळी मिळतं.

ईसीजीत आजार दिसतो, पण त्याने दिवस किती खाल्ला हे दिसत नाही. कॅनडातले पॉल डोरियन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं, की या रुग्णांचं जीवनमान हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांइतकं किंवा त्याहूनही खालावलेलं असतं. तपासण्यांच्या आकड्यांशी त्याचा मेळ मात्र फारसा बसत नाही.

मनगटावर तीन बोटं ठेवली की बिघाड पुष्कळदा कळतो. दोन ठोके घाईने पडतात, तिसरा रेंगाळतो, चौथा बोटाला जेमतेम लागतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता मिनिटाला ३००हून अधिक वेळा नुसते थरथरतात. धडधड, धाप, थकवा येतो तो त्यामुळे. काहींना तर काहीच जाणवत नाही. पण या कप्प्यांत साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीत हा धोका सुमारे पाचपट आढळला.

पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः म्हातारपणचा आजार. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ अमित व्होरा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली देशातल्या २४ केंद्रांमधल्या १,५३७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्याकडचं सरासरी वय निघालं ५४.७. निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया होत्या. जवळपास निम्म्या रुग्णांना झडपांचा रुमॅटिक आजार होता. त्याचं मूळ बहुधा लहानपणी घसा दुखून आलेल्या तापात असतं. म्हणजे पहाटे डबा करून बोरिवलीहून लोकल पकडणारीचाही हा आजार आहे.

गुठळी टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवावं लागतं. डाव्या बाजूची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल तर वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल याच जुन्या गोळ्या द्याव्या लागतात. २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत नवं रिव्हारोक्साबान त्यांच्यापुढे कमी पडलं. या जुन्या गोळ्यांचा डोस आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, पाहून ठरतो आणि तो आकडा सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. मग कॅलेंडरवर ‘आज अख्खी, उद्या अर्धी’ अशा खुणा होतात. हातावर पोट असलेल्याचा तपासणीच्या रांगेत खाडा पडतो.

स्वयंपाकघरातला गैरसमज वेगळाच. मेथी-पालक कायमचे बंद करायची गरज नसते. या भाज्यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं, म्हणून त्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं हवं. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम तीन जुड्या, असं झालं की आयएनआर हलतो. मनाने घेतलेली पेनकिलर अधिक धोक्याची, कारण तिने रक्तस्राव वाढू शकतो. दात काढायचा असला तरी गोळी परस्पर थांबवायची नसते.

झडपा ठीक असलेल्या बहुतेकांना नव्या गोळ्या चालतात. त्यांना आयएनआरच्या फेऱ्या नकोत. ठोक्यांचा वेग औषधांनी आटोक्यात आणता येतो, निवडक रुग्णांत कॅथेटर ॲब्लेशनही, म्हणजे नळी घालून हृदयातली बिघाडाची जागा निकामी करण्याचा उपचार, करतात. वजनाचं महत्त्व ॲडलेडच्या २०१५च्या लेगसी अभ्यासाने दाखवलं. ज्या स्थूल रुग्णांनी वजन किमान दहा टक्क्यांनी उतरवलं, त्यांची या त्रासातून मोकळं राहण्याची शक्यता सहापट होती. वजन सतत खालीवर होत राहिलं, तर मात्र हा फायदा बराचसा ओसरत होता.