चौथा आवाज

जुना सिंथेसायझर विकणारा हमखास म्हणतो, 'चालू आहे, वाजवून बघा.' रोलंडचा जुनो-१०६ असेल तर गाणं वाजवून काहीच कळत नाही. एकच पट्टी धरायची आणि ती पुन्हा पुन्हा दाबत मनात सहापर्यंत मोजायचं. १९८४ सालच्या या यंत्रात सहा आवाज आहेत आणि प्रत्येक दाबाला ते पाळीपाळीने बोलतात. पाच वेळा सूर गोल, भरीव येतो आणि सहाव्यांदा खर्रर्र झालं, की किंमत तिथेच खाली येते.

त्याआधी मागची पाटी वाचायची. जपानच्या बाजारातलं यंत्र १०० व्होल्टवर चालतं. आपल्या २३०च्या सॉकेटमध्ये ते थेट घातलं, तर पुढचा लेख वाचायची गरज नाही.

घरी आणलं की 'की ट्रान्सपोज'चं बटण दाबून धरून स्विच ऑन करायचा. मग पट्टीगणिक कोणता आवाज बोलतोय त्याचा आकडा समोरच्या खिडकीत दिसतो. माझ्याकडच्या यंत्रात दुखणं चौथ्याचं निघालं. प्रत्येक आवाजासाठी आत ८००१७ए नावाची एक काळी चिप उभी असते. सुराची धार कमी-जास्त करणारा फिल्टर आणि त्याची पातळी सांभाळणारा अँप्लिफायर, दोन्ही तिच्यातच. ओलाव्यापासून जपायला कंपनीने तिला राळेचा जाड लेप दिला. गंमत अशी, की वय झाल्यावर त्या लेपातूनच वीज झिरपायला लागते आणि चिप बिघडते.

औषध स्वस्त आहे, पण वेळखाऊ. सोल्डर पंप आणि तांब्याची वात घेऊन एकेक पाय मोकळा करायचा. इथे घाई केली तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडते आणि बारीक तार जोडत बसावं लागतं. सुटलेली चिप काचेच्या बरणीत असिटोनमध्ये बुडवायची, झाकण घट्ट लावायचं. खिडकी उघडी, गॅस बंद. दोन-तीन दिवसांत लेप फुगतो, कडेने सुटतो. लाकडी टूथपिकने तो अलगद सोलत गेलं की खाली सिरॅमिकची पांढरी पट्टी दिसते आणि तिच्यावर मोहरीएवढे भाग. लेप ओढायचा नाही. ओढला की एखादी मोहरी सोबत येते.

सगळ्या चिपा बऱ्या होत नाहीतच. मग नव्याने बनवलेली पर्यायी चिप घ्यायची, की मूळची मिळेपर्यंत थांबायचं? संग्राहकांमध्ये यावर हमरीतुमरी होते. मी पर्यायी लावतो, कारण यंत्र वाजण्यासाठी असतं. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडचीच ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं वापरून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. तेव्हा ती यंत्रं बाजारात नवीन होती आणि सिंग पोटापाण्यासाठी वाजवणारे स्टुडिओतले वादक होते. आज त्याच यंत्रांवर काचेचं झाकण घालून 'अगदी मूळ स्थितीत' म्हणणारे भेटले, की मी आधी विचारतो, वाजतं का?

चौथा आवाज आता बोलतो. राहिली मेमरीची बॅटरी. ती सोल्डर केलेली असते आणि काढली की साठवलेले सगळे १२८ पॅच, म्हणजे जुळवून ठेवलेल्या स्वरछटा, जातात. म्हणून आधी ते टेपच्या सॉकेटमधून बाहेर काढायचे. पूर्वी कॅसेटवर घ्यायचे, आता लॅपटॉपवर. कानाला ती नुसती किरकिर असते, पण त्यात आधीच्या मालकाने बसवलेले पॅचही आहेत. त्यांना नावं नाहीत, फक्त क्रमांक. बी बँकेतला एक शहनाईसारखा लागतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातलं यंत्र असावं, असा माझा अंदाज.