पाण्याचा हिशेब व पाण्याचा वांटा

चाळीसगांवच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून तेथें मठ स्थापिला, व त्याच्या खर्चासाठीं स्थानिक व्यापारउदिमांतून भाग लावून देण्यांत आला, असें त्यांत नमूद आहे. विद्येचा भार प्रजेनें वाहावा, ही गोष्ट आपल्या तालुक्यास नवी नाहीं. तेव्हां त्या विद्येनें शेतकऱ्याच्या प्रश्नांत लक्ष घालावें, ही अपेक्षाही वावगी ठरूं नये.

आपला प्रश्न पाण्याचा. त्यांत स्थापत्याची विद्या व राज्यकारभाराची विद्या एकत्र लागतात, हें मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून इंजिनियर होऊन ते १८८४ सालीं मुंबई सरकारच्या नोकरींत शिरले, आणि आरंभींच खानदेशांत दातर्ती येथें पांजरेच्या पाण्यासाठीं नळाचा सायफन बांधण्याचें काम त्यांजकडे आलें. परंतु त्यांची खरी कामगिरी दगडचुन्याची नव्हे. पुढें नीरा कालव्यावर त्यांनीं ब्लॉक पद्धति आणली. उसाला ठराविक हिस्सा, उरलेल्या जमिनींत कमी पाण्याचीं पिकें, व दोहोंचा फेरपालट. कालवा तोच राहिला. वांटणीचा नियम तेवढा बदलला. (पांजरेकांठच्या फडकऱ्यांस ही कल्पना मुळींच परकी वाटणार नाहीं.)

आज असा जोडअभ्यास मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें चालतो. ग्रामीण भागास उपयोगी तंत्रज्ञानासाठीं १९८५ त तेथें ‘सितारा’ हें केंद्र निघालें. २००७ पासून तंत्रज्ञान व विकास या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. येथील विद्यार्थ्यास खेड्यांत राहून काम करावें लागतें. सन २०१८ त सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जावरील ‘पोकरा’ योजनेसाठीं याच संस्थेनें गांवाच्या पाण्याच्या ताळेबंदाची रीत बसवून दिली. मराठवाडा व विदर्भ यांबरोबर आपला जळगांव जिल्हाही त्या योजनेंत होता.

रीत समजण्यास कठीण नाहीं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरीं दहा हजार लिटर. सहाशें मिलिमीटर पडला तर साठ लक्ष. त्यांतून नाल्यानें वाहून गेलें किती, मातींत मुरून पिकास लाभलें किती, आणि खालीं झिरपून विहिरीस मिळालें किती, हें जमिनीची खोली, पोत, उतार व पीक पाहून काढावयाचें. मग उभ्या पिकांची गरज त्यासमोर मांडावयाची. तूट आली तर कोणतें शिवार कोरडें, हेंही दिसतें.

येथवर इंजिनियराचें काम. परंतु तूट दिसल्यावर लिंबूबाग कोणी थांबवावी, आणि शेजाऱ्याची विहीर आटविणाऱ्या खोल बोअरला आळा कोणी घालावा, याचें उत्तर गणितांत नाहीं. गिरणाकांठची खोल काळी जमीन व डोंगराकडील मुरमाड जमीन यांची सरासरी काढली, तर कागदावर गांव सुखी आणि वरच्या शिवारांत जानेवारींत मोट कोरडी, असें सहज घडेल. आमच्या मतें सरकारी योजनांत हीच बाजू सर्वांत लंगडी असते.

यास्तव ग्रामसभेंत ताळेबंद वाचला जाईल तेव्हां सभासदांनीं बंधाऱ्यांची यादी ऐकून उठूं नये. विहिरींची पातळी कोणत्या महिन्यांत मोजली, कोणाच्या विहिरी धरल्या, व आपल्या गटास मातीची खोली किती लावली, हीं तीन उत्तरें लेखी मागून घ्यावींत.