घंटा वाजविणाऱ्याचा मालक कोण?

शाळेचा दिवस शिक्षकाच्या पहिल्या तासाने सुरू होत नाही. त्यापूर्वी तासभर कोणी तरी फाटकाचे कुलूप काढलेले असते, वर्ग झाडलेले असतात, पाण्याची टाकी भरलेली असते आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर हजेरीपट मांडून ठेवलेले असतात. शिक्षणाविषयीच्या अहवालांतून अभ्यासक्रमाची चर्चा होते, परीक्षांची होते, शिक्षकांच्या पात्रतेची तर फारच होते; या माणसाचा उल्लेख आढळतो तो आस्थापनेच्या तक्त्यातील अखेरच्या रकान्यात. 11 डिसेंबर 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने जो निर्णय काढला, त्याने तो रकानाही हळूहळू कोरा होत जाईल अशी तजवीज करून ठेवली.

या निर्णयान्वये खाजगी अनुदानित शाळांतील शिपाई, पहारेकरी, सफाईगार, प्रयोगशाळा परिचर इत्यादी चतुर्थ श्रेणीची पदे, त्यांवरील माणूस निवृत्त होताच, व्यपगत व्हावयाची आहेत. पदाच्या जागी आला आहे शिपाई भत्ता. मुंबई-पुण्यास दरमहा 10,000 रुपये, नाशिकसारख्या इतर महानगरपालिका क्षेत्रांत 7,500 आणि ग्रामीण भागात 5,000. म्हणजे नाशिक शहरातील शाळेत दिवसाला 250 रुपये आणि पेठ-सुरगाण्याच्या खेड्यात 170 रुपयांहूनही कमी. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात याच दर्जाच्या कायम कर्मचाऱ्याचे मूळ वेतन 15,000 रुपयांपासून सुरू होते आणि महागाई भत्ता त्याहून निराळा, हे ध्यानात घेतले की काटकसर कोठे साधली आहे ते कळते. तथापि आकड्यांचा हा फरक ही या प्रकरणातील सर्वांत मोठी गोष्ट नव्हे.

शाळेतील शिपायाला आजवर दोन मालक होते. नेमणुकीचे पत्र संस्था देत असे आणि पगार शासन देत असे. या द्वैतातून त्याची ओढाताण झाली हे खरे; पगार थकला की संस्था शिक्षणाधिकाऱ्यांकडे बोट दाखवी आणि नेमणुकीची मान्यता अडली की शिक्षणाधिकारी संस्थेच्या कागदांकडे. परंतु खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम 1981 साली नियमांसह अमलात आला, तेव्हापासून या ओढाताणीस एक मर्यादा पडली. शिक्षक आणि शिक्षकेतर असा भेद त्या कायद्याने संरक्षणाच्या बाबतीत केला नाही. कायम शिपायाला बडतर्फ करावयाचे तर त्याच्यावर आरोपपत्र ठेवावे लागते, चौकशी समिती नेमावी लागते. त्या तीन सदस्यांच्या समितीत एक संस्थेचा, एक खुद्द शिपायाने निवडलेला आणि तिसरा राज्य अथवा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या शिक्षकांपैकी असतो. निर्णय मान्य नसेल तर 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणापुढे अपील करता येते. घंटा वाजविणारा माणूस संस्थेच्या अध्यक्षांना न्यायासनासमोर उभे करू शकतो, ही गोष्ट आपल्या समाजरचनेत लहान नव्हती.

भत्त्यावरचा माणूस या सर्वांच्या बाहेर राहतो. भत्ता शाळेला मिळावयाचा आणि माणूस शाळेने मिळवावयाचा. तो कधी थेट येतो, कधी ठेकेदारामार्फत. दोन मालकांच्या कचाट्यातून त्याची सुटका झाली खरी, पण ती अशी की आता त्याला एकही उरला नाही.

या माणसाचे शाळेतील स्थान काय, याविषयी आपल्या न्यायालयांनीही बराच काळ चाचपडण्यात घालविला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बसच्या चालकांना कामावरून कमी करण्यात आले आणि तो वाद 1963 साली सर्वोच्च न्यायालयात पोचला. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. कामगारांच्या बाजूने सहानुभूतीने विचार करणारे न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक होता. तरीही शिक्षण हे मूलतः गुरु-शिष्यांमधील कार्य आहे, त्यात कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा वाटा अगदीच गौण, सबब विद्यापीठ हा उद्योग नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. 1978 साली बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने ही भूमिका मोडीत काढली आणि शिक्षणसंस्थाही उद्योगाच्या व्याख्येत आल्या. पुढे 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, शाळा उद्योग असली तरी शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. यातून मोठी मौजेची स्थिती निर्माण झाली. ज्या इमारतीत शिक्षकाला औद्योगिक विवादाचा कायदा लागू नाही, तेथेच शिपायाला तो लागू पडू शकतो! अर्थात हे दारही आता पुरते उघडे राहिलेले नाही. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय व समाजसेवी कार्यास वाहिलेल्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि आपण त्यांपैकीच आहोत असे म्हणावयास कोणती शिक्षणसंस्था मागे राहील?

खाजगी संस्थांत शासन आणि चालक असे दोघे असल्यामुळे हा घोळ होतो, असे कोणी म्हणेल. परंतु जेथे शासन स्वतःच शाळा चालविते, तेथील हकीकत निराळी नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे आणि राज्यभरातील शासकीय आश्रमशाळांचा कारभार तेथून चालतो. या शाळांत वर्ग 3 व वर्ग 4 चे कर्मचारी वर्षानुवर्षे रोजंदारीवर आणि तासिकेवर राबत आले. निवासी शाळा म्हटली की स्वयंपाकी, कामाठी आणि पहारेकरी हेच मुलांचे रात्रीचे पालक. मे 2025 मध्ये या शाळांतील 1,791 शिक्षकांची पदे बाह्यस्रोताद्वारे, म्हणजे सरळ मराठीत ठेकेदाराकडून, भरण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध रोजंदारी कर्मचारी जुलैत नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर येऊन बसले. त्यांनी आपल्या आंदोलनाला नाव दिले ‘बिऱ्हाड’. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला अंथरूण-पांघरूण आणि पोराबाळांसह आठवड्यांमागून आठवडे काढणाऱ्या या माणसांचे म्हणणे थोडक्यात इतकेच होते की, ज्याच्या शाळेत दहा-दहा वर्षे काम केले त्यानेच आपल्याला नोकर म्हणावे. मध्ये तिसरा नको.

संस्थाचालकांची बाजू ऐकूनच घेऊ नये असे नाही. नाशिक जिल्ह्यातील जुन्या शिक्षणसंस्था वर्गणी आणि देणग्यांवर उभ्या राहिल्या. त्यांच्या चालकांना वेतनेतर अनुदानाच्या अपुरेपणाचा अनुभव दीर्घ आहे. इमारत दुरुस्त करावयाची, विजेचे देयक भरावयाचे आणि 7,500 रुपयांत दिवसभर टिकणारा माणूसही शोधावयाचा, हे सोपे नाही. मात्र हेच चालक शिक्षकभरतीच्या प्रश्नावर मंत्रालयाचे उंबरठे झिजवितात. शिपायाच्या पदासाठी तेवढी धावपळ का होत नाही, याचे उत्तर अनुदानाच्या हिशेबात सापडत नाही. शिपायावाचून शाळा चालते अशी एक समजूत आहे आणि मुले व शिक्षक मिळून ती चालवून दाखवीत असल्यामुळे ती बळावतही आहे. प्रयोगशाळेत परिचर नसला की विज्ञानाचा शिक्षक प्रयोग करून दाखविण्याऐवजी फळ्यावर काढून दाखवितो. वेळापत्रकात त्याची नोंद ‘प्रयोग’ अशीच होते.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्य हादरले. त्यातील आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता आणि त्याला त्या शाळेत लागून महिनाही उलटलेला नव्हता. यावरून कंत्राटी माणसे तेवढी वाईट असा निष्कर्ष काढणे हा हजारो प्रामाणिक माणसांवरील अन्याय ठरेल. कायम नोकरांकडून गुन्हे होत नाहीत असेही नाही. प्रश्न ओळखीचा आहे. त्या घटनेनंतर शासनाने शाळांना सी.सी.टी.व्ही. कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांविषयी आदेश दिले. पंचवीस वर्षे एकाच फाटकावर उभा असलेला शिपाई कोणते मूल कोणाबरोबर घरी जाते हे चेहऱ्यावरून जाणतो. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला ती जाण येणार कोठून? आणि तिची किंमत कोणत्या भत्त्यात धरावयाची?

जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च 2023 मध्ये राज्यव्यापी संप झाला. त्यात शिक्षक, लेखनिक, शिपाई एकत्र उतरले आणि शाळांना आठवडाभर कुलपे लागली. भत्त्यावरील माणसाला त्या संपात स्थान नव्हते. निवृत्त व्हावयाला आधी सेवेत असावे लागते. संघटनेचा सभासद होण्याची त्याची छाती होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी फाटक उघडावयास तोच असेल याची हमी कोणी दिलेली नाही. आणि शिक्षकांच्या संघटनांनाही, स्पष्टच बोलावयाचे तर, आपली घंटा कोण वाजवितो याची चौकशी करण्यास फारशी फुरसत मिळालेली नाही.

अनेक शाळांत सध्या दोन शिपाई दिसतात. एक साठीकडे झुकलेला, कायम; दुसरा भत्त्यावरचा, तिशीतला. काम एकच. जुना निवृत्त होतो त्या दिवशी सभागृहात शाल-श्रीफळ होते, मुख्याध्यापक चार शब्द बोलतात, आणि लेखनिक त्याचे सेवापुस्तक पूर्ण करून निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावाला जोडतो. खुर्च्या उचलून ठेवण्याचे काम दुसऱ्याकडे येते. त्याच्या नावाचे सेवापुस्तक त्या कार्यालयात उघडलेले नसते.