जुना एसी दुरुस्त करावा की बदलावा? एका घराचा हिशेब

व्यापारी कुटुंबात दुकानाच्या वहीतील प्रत्येक नोंद तपासली जाते. घरखर्चाकडे मात्र तेवढ्या बारकाईने पाहिले जात नाही. दुकानासाठी माल घेताना चार ठिकाणी भाव विचारणारे आपण, ऐन एप्रिलमध्ये घरातील एसी बंद पडला की पहिल्याच दुकानात शिरतो आणि समोर दिसेल ते यंत्र घेऊन येतो. यंदाच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या आमच्या घरी हाच प्रसंग आला. त्या निमित्ताने मांडलेला हिशेब इतर कुटुंबांनाही उपयोगी पडावा, म्हणून येथे देत आहे.

वरच्या मजल्यावरील खोलीत अप्पा, म्हणजे माझे वडील, झोपतात. त्यांचे वय ८१. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी निवत नाही. त्यांच्या खोलीतील दीड टनी एसी १४ वर्षांचा होता. एका रात्री तो बंद पडला. अप्पांनी कोणालाही उठवले नाही. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी रात्र काढली आणि सकाळी त्यांना घेरी आली. डॉक्टरांनी सांगितले, की या वयात तहान लागल्याची जाणीव उशिरा होते आणि शरीराला उष्णता सहजपणे बाहेर टाकता येत नाही. रात्रीचा उकाडा अंगावर काढू नये. अप्पांचे म्हणणे मात्र एकच होते, "दुरुस्त करून घ्या. माझ्यासाठी नवा कशाला?"

मेकॅनिकने कॉम्प्रेसर गेल्याचे सांगितले आणि १५,००० रुपये खर्च काढला. तेव्हा माझ्या पत्नीने घरातील खर्चवही उघडली. मागील तीन वर्षांत त्याच यंत्रावर गॅस भरण्यासाठी दोनदा मिळून ६,४००, पंख्याच्या मोटरसाठी ३,२००, गळती जोडण्यासाठी २,३०० आणि कपॅसिटरसाठी ९०० असे एकूण १२,८०० रुपये खर्च झाले होते. धाकटा भाऊ म्हणाला, "एवढे घातले आहेत, तर आता सोडून कसे द्यायचे?" व्यापारात आपण असा विचार करीत नाही. गेलेली रक्कम गेली. यापुढे किती घालायचे आणि त्यातून किती मिळायचे, एवढेच पाहायचे असते. मात्र त्या नोंदींनी एक गोष्ट शिकवली. एसीमधील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो पुन्हा भरावा लागला, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. दरवर्षी गॅस भरावा लागणाऱ्या यंत्रात नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे फुटक्या घागरीला नवी दोरी बांधणे होय.

शिवाय त्या यंत्रात आर-२२ हा वायू होता. ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा हा वायू १९८७च्या माँट्रियल करारान्वये जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. नव्या यंत्रांत प्रामुख्याने आर-३२ वापरला जातो. तो जुन्या आर-२२च्या यंत्रात भरता येत नाही. कोणी तसे सुचवले, तर त्या मेकॅनिकला परत पाठवावे.

आता नव्या यंत्राचा खर्च. जाहिरातीतील किंमत ही संपूर्ण किंमत नसते. आम्हाला मिळालेल्या दरपत्रकात पाच तारे असलेल्या दीड टनी इन्व्हर्टर एसीचे ४३,५०० रुपये होते. त्यावर बसवण्याची मजुरी १,८००, तांब्याची जादा नळी तीन मीटर प्रत्येकी ८५० प्रमाणे २,५५०, बाहेरच्या युनिटचा स्टँड ९००, नवी वायर व एमसीबी २,२५०. असे एकूण ५१,००० झाले. जुन्या यंत्राचे ३,००० वजा जाता ४८,००० रुपये. म्हणजे यंत्राच्या किमतीवर ७,५०० रुपयांची भर पडली. ही भर पैसे देण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी.

दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली: "जीएसटी दहा टक्क्यांनी उतरला, म्हणजे किंमतही दहा टक्क्यांनी उतरली." २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. परंतु पूर्वी १२८ रुपयांना मिळणारी वस्तू आता ११८ रुपयांना मिळते. ही घट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास आहे. तसेच रोखीने ३९,५०० रुपयांना मिळणारे यंत्र दरमहा ३,५०० रुपयांच्या बारा 'बिनव्याजी' हप्त्यांत ४२,००० रुपयांना पडत असेल, तर ते २,५०० रुपये व्याजच आहे. मुद्दल महिन्यागणिक कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर त्याचा वार्षिक दर ११ ते १२ टक्के होतो. घरासाठी घेतलेला एसी दुकानाच्या नावाने बिल करून कराची वजावट घेण्याचा सल्लाही आम्हाला मिळाला. घरगुती वापराच्या वस्तूवर ती सवलत मिळत नाही. दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात, हेच बरे.

खरा हिशेब विजेचा आहे. अप्पांच्या खोलीत एसी वर्षातून सुमारे १५० रात्री, रोज आठ तास, म्हणजे १,२०० तास चालतो. जुने यंत्र तासाला सरासरी १.३५ युनिट घेत होते. नवे ०.७५ घेईल असे धरले, तर तासाला ०.६ आणि वर्षाला ७२० युनिट वाचतात. येथे सरासरी दर धरू नये. वीजबिल टप्प्यांनी वाढत जाते आणि वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातील असतात. आमचा वरचा टप्पा सर्व आकारांसह १२ रुपये धरला, तर बचत ८,६४० रुपये होते. दुरुस्तीचे १५,००० आणि नव्याचे ४८,००० यांतील फरक ३३,००० रुपयांचा. तो चार वर्षांच्या आतच भरून निघतो.

हाच हिशेब दिवाणखान्याला लावून पाहा. तेथील जुना एसी पाहुणे आले तरच लागतो. वर्षाला फार तर १०० तास. बचत ६० युनिट, म्हणजे ७२० रुपये. तोच ३३,००० रुपयांचा फरक भरून निघण्यास सुमारे ४६ वर्षे लागतील!

येथेच आमचे डोळे उघडले. आपल्या बहुतेक घरांत नवे यंत्र दिवाणखान्यात लागते आणि तेथून उतरलेले जुने वडीलधाऱ्यांच्या खोलीत जाते. अप्पांच्या खोलीतील एसीही दहा वर्षांपूर्वी असाच खाली दिवाणखान्यातून वर गेला होता. त्या वेळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही, आणि अप्पांनी तर स्वतःच ते सुचवले होते. परंतु वही उलटे सांगते: जेथे यंत्र सर्वांत जास्त तास चालते, तेथे सर्वांत चांगले यंत्र असावे. जास्त ताऱ्यांचे जादा पैसे तेथेच वसूल होतात. क्वचित वापराच्या खोलीला तीन तारेही पुरतात.

खरेदी करताना काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. ताऱ्यांच्या लेबलवर वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर दिलेले असतात. आपल्या तासांच्या प्रमाणात ते कमी-जास्त करून घ्यावेत. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलवरील वर्षही पाहावे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. पण ती बाहेरचे तापमान ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे पारा ४३ वर गेला की ती घटते. त्यामुळे छताखालच्या खोलीसाठी अधिक तापमानातील क्षमता विचारावी. जुनी नळी आहे तशी वापरू देऊ नये. आर-३२चा दाब अधिक असतो आणि जुन्या नळीत जुने तेल राहिलेले असते. जोडणी झाल्यावर पंपाने नळीतील हवा काढून घेतली की नाही, हे समोर उभे राहून पाहावे.

आम्ही आणखी एक काम केले. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला आणि पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. एसी २४ अंशांवर ठेवून सोबत छताचा पंखा मंद चालवला, की खोली पुरेशी थंड राहते.

जुने यंत्र भंगारवाल्याकडे दिले असते, तर त्याने नळी कापून वायू हवेत सोडला असता. आर-२२ हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून वायू सिलिंडरमध्ये उतरवून घेऊन पुढे अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवण्याची लेखी हमी घेऊनच आम्ही ते विक्रेत्याला परत दिले.

अप्पांना भावनेच्या गोष्टी सांगून ते नव्या यंत्राला तयार झाले नसते. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. चष्मा लावून त्यांनी प्रत्येक आकडा दोनदा तपासला. वायरच्या खर्चात ५० रुपये कमी करून घेता आले असते, असेही सांगितले. मग वही मिटून म्हणाले, "चार वर्षांत वसूल होतो म्हणतोस. तेवढे तर मला राहावेच लागेल."

नवा एसी दुसऱ्याच दिवशी बसला. त्या रात्री जिन्याची पायरी रिकामी होती.