आडनाव न विचारणारी मीटिंग

दिवाळ्यात कोणाला आडनाव विचारायची वेळ येत नाही. नवी मुंबईत बेलापूरच्या टोकाला, खाडीकाठी वसलेलं हे कोळ्यांचं गाव. सिडकोचं शहर अंगावर चढत आलं तरी कोळीवाड्यातल्या घरांना घरं लागूनच आहेत. काल रात्री जेट्टीवरून कोणाला धरून घरी आणलं, ही बातमी सकाळी मासळीच्या पाट्यांबरोबर बाजारात पोचते. अशा गावात पिणं लपत नाही. सोडणंही लपत नाही, आणि माझ्या मते माणूस जास्त लाजतो तो त्यालाच. हळदीच्या रात्री ग्लास हातात असला की तो चारचौघांतला. नको म्हणाला की सगळ्यांच्या माना वळतात.

ही लाज ओळखून उभी राहिलेली संस्था म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळ्यांच्या तोंडी ए.ए. तिची सुरुवातच शोधाशोधीतून झाली. मे १९३५. बिल विल्सन नावाचा न्यू यॉर्कचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रनला आला होता. काम फसलं. दारू सुटून जेमतेम काही महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीला लागून बार. त्याने फोन गाठला. लॉबीत चर्चची यादी लावलेली होती. तिथून सुरुवात करून तो नंबर फिरवत सुटला, बोलायला दुसरा एखादा पिणारा मिळेल का म्हणून! मिळाला तो डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस ए.ए. आपला जन्मदिवस मानते. भारतात ती १९५७ साली आली.

मीटिंग बघायला गेलं तर काहीच नसतं. खुर्च्या, चहा, तास-दीड तास. एक जण चेअर करतो, म्हणजे नुसता क्रम लावतो. बोलणारा पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि स्वतःपुरतं बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. (मराठी माणसांनी भरलेल्या खोलीत तासभर सल्ला न देणं, ही कमाई काही लहान नाही.) फी नाही, फॉर्म नाही. डबा फिरतो, जमेल त्याने टाकावं. बाहेरची देणगी घ्यायची नाही असा दंडक असल्याने कोण्या दादांच्या सौजन्याने वगैरे फलक लागत नाही. यायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. जन्मभर सोड असंही कोणी म्हणत नाही. आजचा दिवस पहिला पेग घ्यायचा नाही, इतकंच.

स्वतःची जाहिरात करायची नाही, हीही ए.ए.च्या बारा परंपरांतली एक. म्हणून तर ती सहज सापडत नाही. गट भरतात ते बहुधा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या एखाद्या खोलीत, आणि शेजारून जाणाऱ्याला पत्ता नसतो. मुंबईतल्या ए.ए.च्या कार्यालयाकडे विचारलं की जवळच्या गटाचा वार, वेळ, जागा सांगतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे. गटाची चौकशी करताना दोन गोष्टी विचाराव्यात. मीटिंग मराठीत असते का? आणि ओपन की क्लोज्ड? ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्डला फक्त पिणारे. दिवाळ्याच्या माणसाने मात्र गावाला लागून असलेला गट शोधूच नये असं मला वाटतं. बेलापूरहून हार्बरची गाडी पकडून दोन-चार स्टेशनं पुढे उतरावं. तिथे तो खरोखर फक्त पहिल्या नावाचा माणूस असतो.

अडचण वेळेची आहे. मीटिंग घड्याळावर चालते, होडी भरती-ओहोटीवर. उधाणाच्या दिवसांत जाळी सोडून दर अमुक वारी संध्याकाळी सातला कोण जाणार? त्यातल्या त्यात १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक बोटींची मासेमारी बंदी बरी. बोटी ओढून ठेवलेल्या, हात रिकामे. पिणं वाढण्याचे हेच दिवस, आणि मीटिंगची सवय लावायचेही.

एक धोका मात्र आधी सांगायला हवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केलं तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याने आधी दवाखाना गाठावा, मीटिंग मागाहून. ज्याला राहून उपचार हवेत त्याला पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे.

नुसत्या बोलण्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी २०२० चा कॉक्रेन आढावा, म्हणजे आधीच्या अभ्यासांची एकत्र छाननी, आहे. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. ए.ए.कडे पद्धतशीर वळवलेले लोक वर्षभर पूर्ण कोरडे राहण्यात इतर मान्य उपचारांतल्या लोकांपेक्षा काहीसे पुढे निघाले. चमत्कार नाही, पण फुकटच्या खुर्चीला एवढं पुष्कळ.

कोळीवाड्यात घराचा गल्ला बाईच्या हाती, मासळी विकणारी ती, त्यामुळे पहिला फोन बहुतेक वेळा तीच करील. तिच्यासाठी वेगळी मीटिंग असते. बिलची बायको लोइस हिने १९५१ साली सुरू केलेली, अल-अ‍ॅनॉन. नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे तिथे कोणी शिकवत नाही. त्याची बारमधली उधारी आपण भरायची का, कामावर आला नाही तेव्हा तांडेलाला ‘ताप आलाय’ असं आपण का सांगायचं, यावर बायका बोलतात.