कुंभकोणम्‌मध्ये महिलांसाठी मोफत बस: कोणती बस, कोणाला हक्क, तिकीट का घ्यायचे

तमिळनाडूत महिलांना सरकारी नगर बसने मोफत प्रवास करता येतो. या योजनेचे नाव ‘विडियल पयणम्’ असे आहे. तमिळमध्ये विडियल म्हणजे पहाट आणि पयणम् म्हणजे प्रवास. कुंभकोणम् व तंजावर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे, सांगली भागातून गलाईच्या म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी तमिळनाडूत आलेली कुटुंबे आणि देवदर्शनाला येणाऱ्या महिला, या सर्वांना तिचा उपयोग होतो. मात्र बसवरील पाट्या तमिळमध्ये असल्याने अनेकींना कोणती बस मोफत आणि कोणती नाही, हे कळत नाही. ती माहिती येथे दिली आहे.

योजना केव्हा सुरू झाली?

मे २०२१ मध्ये राज्यात नवे सरकार आले. शपथविधीच्या दिवशी, ७ मे रोजी, मुख्यमंत्र्यांनी ज्या पहिल्या आदेशांवर सही केली त्यांत हा आदेश होता आणि ८ मेपासून प्रवास मोफत झाला. जून २०२१ मध्ये तृतीयपंथी व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि दिव्यांगांसोबतचा एक सहायक यांनाही योजनेत घेण्यात आले. ‘विडियल पयणम्’ हे नाव २०२३ मध्ये देण्यात आले.

लाभ कोणाला मिळतो?

• सर्व महिलांना. नोकरी, मजुरी, शिक्षण, बाजार, दवाखाना, देवदर्शन असे प्रवासाचे कारण कोणतेही असो.
• तृतीयपंथी व्यक्तींना.
• दिव्यांग व्यक्तींना आणि त्यांच्यासोबतच्या एका सहायकाला. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र जवळ ठेवावे.

यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि पासही काढावा लागत नाही. उत्पन्नाची अट नाही. महिलांना रहिवासाचा पुरावा मागितला जात नाही, त्यामुळे महाराष्ट्रातून चार दिवसांसाठी आलेली महिलाही मोफत बसू शकते. कर्नाटकातील ‘शक्ती’ योजनेत राज्याची रहिवासी असल्याचे ओळखपत्र दाखवावे लागते. तमिळनाडूत तशी अट नाही.

सोबतच्या पुरुषांना मात्र पूर्ण तिकीट घ्यावे लागते. ज्येष्ठ पुरुषांना या योजनेतून सवलत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलग्याचे तिकीट नेहमीच्या नियमाने काढावे.

कोणत्या बसमध्ये प्रवास मोफत आहे?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये अर्धे तिकीट लागते. तिथे बस कोणतीही चालते, पण निम्मे पैसे भरावे लागतात. तमिळनाडूत याच्या उलट आहे. पैसे अजिबात लागत नाहीत, पण एकाच प्रकारची बस चालते. ती म्हणजे सरकारी महामंडळाची साधारण भाड्याची नगर बस. तिला तमिळमध्ये ‘नगरप् पेरुन्दु’ आणि बोलण्यात ‘टाउन बस’ म्हणतात.

पुढील बसमध्ये प्रवास मोफत नाही:

• एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी लांब पल्ल्याची बस
• एक्सप्रेस, डिलक्स आणि एसी बस
• कोणतीही खासगी बस, मग ती त्याच मार्गावर त्याच थांब्यांवर थांबत असली तरीही

कुंभकोणम् परिसरात खासगी बस बऱ्याच आहेत. त्यामुळे समोर आली त्या बसमध्ये चढू नये. बसवर तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळाचे नाव आहे का, ते पाहावे. मोफत बसवर तमिळ अक्षरांत ‘मगळिर’ हा शब्द असलेली पाटी किंवा चिकटपट्टी असते. मगळिर म्हणजे महिला. तमिळ वाचता येत नसेल तर चढण्यापूर्वी वाहकाला एवढेच विचारावे: ‘लेडीज फ्री बस्सा?’ रंगावर विसंबू नये. चेन्नईत अशा काही बस पुढून-मागून गुलाबी रंगवल्या आहेत, पण प्रत्येक मोफत बस गुलाबी नसते.

नगर बस किती दूर जाते?

नगर बस फक्त शहरात फिरते असे नाही. ती आसपासच्या गावांपर्यंतही जाते. दारासुरम्, स्वामिमलै, तिरुनागेश्वरम्, पट्टीश्वरम् ही ठिकाणे कुंभकोणम्‌पासून साधारण दहा किलोमीटरच्या आत आहेत. अशा ठिकाणी जाण्यासाठी आधी नगर बस आहे का, ते विचारावे. तंजावर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिकडे थेट जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसला पूर्ण तिकीट लागते. वाटेत बस बदलून नगर बसने जाता येत असेल तर प्रत्येक बसमध्ये नवे मोफत तिकीट मिळते, पण वेळ जास्त लागतो. कुंभकोणम्‌ला नगर बसचे स्थानक आणि बाहेरगावच्या बसचे स्थानक जवळजवळ असले तरी वेगळे आहे. रिक्षावाल्याला सांगताना ‘टाउन बस स्टँड’ असे स्पष्ट सांगावे.

पैसे लागत नाहीत, मग तिकीट कशाला?

मोफत प्रवासातही वाहक एक तिकीट देतो. त्यावर भाडे शून्य असते. हे तिकीट जरूर मागून घ्यावे आणि उतरेपर्यंत जपून ठेवावे. त्याची तीन कारणे आहेत. तपासनीस आल्यास ते दाखवावे लागते. तक्रार करायची झाल्यास आपण त्या बसमध्ये होतो याचा तो पुरावा असतो. आणि किती महिलांनी प्रवास केला याची मोजणी याच तिकिटांवरून होते.

ही मोजणी महत्त्वाची आहे, कारण तुमचा प्रवास महामंडळाला फुकट पडत नाही. डिझेल, पगार, दुरुस्ती यांचा खर्च होतच असतो. बुडालेल्या भाड्याची भरपाई राज्य सरकार अर्थसंकल्पातून करते. सुरुवातीला त्यासाठी वर्षाला १,२०० कोटी रुपये धरले होते. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ही रक्कम २,८०० कोटी रुपये झाली. म्हणजे तुमचे भाडे भरले जाते, फक्त ते तुमच्या पर्सऐवजी सरकारी तिजोरीतून जाते. म्हणून मोफत बसमध्ये बसताना संकोच बाळगू नये. कोणी ‘फुकट्या’ म्हणून हिणवले तर ऐकून घेण्याचे कारण नाही. हा सर्व महिलांना दिलेला हक्क आहे.

महिन्याला किती पैसे वाचतात?

समजा, एका वेळचे तिकीट १० रुपये आहे. कामावर जाऊन-येऊन दिवसाला २० रुपये होतात. महिन्याचे २६ दिवस काम धरले तर ५२० रुपये वाचतात. दोन बस बदलाव्या लागणाऱ्या महिलेची बचत याहून जास्त होते. तमिळनाडूच्या राज्य नियोजन आयोगाने काही जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत महिलांची सरासरी बचत महिन्याला ८८८ रुपये आढळली. धुणीभांडी, शेतमजुरी किंवा दुकानात काम करणाऱ्या महिलेच्या घरात या रकमेतून गॅस, औषधे किंवा मुलांच्या वह्या येतात.

बस वेळेवर येत नसेल तर?

तिकीट फुकट असले तरी वेळ फुकट नसतो. आठ वाजता कामावर पोचायचे असेल आणि नगर बस साडेआठला येणार असेल, तर बाई नाइलाजाने पैसे देऊन खासगी बसने जाते. तिच्यासाठी योजना कागदावरच राहते. पुणे, पिंपरी-चिंचवड, अहमदाबाद अशा मोठ्या शहरांत रुंद रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका राखण्याचा उपाय करून पाहिला गेला. कुंभकोणम्‌च्या देवळांभोवतालच्या अरुंद रस्त्यांवर तेवढी जागा नाही. इथे सोयीच्या वेळी फेऱ्या वाढवणे हा जवळचा उपाय आहे आणि त्यासाठी मागणी करावी लागते.

तक्रार किंवा मागणी कुठे करावी?

थांब्यावर हात करूनही बस न थांबणे, मोफत बसमध्ये पैसे मागणे, शून्य भाड्याचे तिकीट न देणे किंवा अपमान करणे, या सर्वांची तक्रार करता येते.

१. बसचा क्रमांक, मार्ग, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तिकीट असल्यास जपा.
२. बस स्थानकावरील वेळ-नियंत्रकाला सांगा. या भागातील सरकारी बस चालवणाऱ्या महामंडळाचे मुख्यालय कुंभकोणम्‌लाच आहे. तेथे लेखी अर्ज देता येतो.
३. मुख्यमंत्री मदतवाहिनी ११०० वर फोन करा. तमिळ येत नसेल तर शेजारणीला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत घ्या.
४. दर सोमवारी तंजावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नागरिकांचे अर्ज घेतले जातात. महाराष्ट्रातील लोकशाही दिनासारखीच ही सोय आहे. फेरी वाढवण्याची मागणी एकटीने करण्याऐवजी गल्लीतील दहा-बाराजणींच्या सह्यांनी करावी. कोणत्या थांब्यावर, किती वाजता, किती महिलांना बस हवी आहे, हे त्यात लिहावे.

लक्षात ठेवा

सरकारी बस, साधारण भाडे, नगर सेवा: या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच प्रवास मोफत असतो. शंका असल्यास चढण्यापूर्वी विचारा आणि बसल्यावर शून्य भाड्याचे तिकीट मागून घ्या.